अक्षरओळख, दुसऱ्यांदा!



आपल्या कॉलेजात एखादीला ‘डिझाइन येतं’ ही बातमी फुटली की तिचं पुढचं वर्षभराचं भविष्य ठरलेलं असतं. गॅदरिंगचं बॅनर, टेक्निकल इव्हेंटचं पोस्टर, फ्रेशर्सचं निमंत्रण, कुणाच्या तरी मावसबहिणीची लग्नपत्रिका... आणि प्रत्येकाचं एकच पालुपद, “अगं, दहा मिनिटांचं तर काम!” कोरल नाहीतर फोटोशॉप उघडायचं, दोन-चार रंग टाकायचे, अक्षरांना सावली द्यायची, झालं डिझाइन! बहुतेकांची समजूत एवढीच असते.

मी कॉम्प्युटरला, तिसऱ्या वर्षाला आहे. गेली दोन वर्षं सबमिशन आणि ओरलच्या धाकातून वेळ काढून ग्राफिक डिझाइन शिकतेय. माझी शाळा म्हणजे या अंकाचा मराठी विभाग, सुट्टीत धुळ्यातलं एक डीटीपी सेंटर आणि लायब्ररीतलं फारसं कुणी न उघडलेलं एक कपाट. या शिकण्यानं मला माणूस म्हणून आणि उद्याची इंजिनिअर म्हणून काय दिलं, ते सांगावं म्हणून हा लेख. पण नुसतं ‘मी कशी घडले’ असं लिहिलं तर तुम्ही पान उलटाल! म्हणून जे शिकले तेच आधी सांगते. ही सगळी गोष्ट आपल्या रोजच्या देवनागरी अक्षरांची आहे. ती वाचल्यावर निदान पुढचं बॅनर सांगताना तुम्ही ‘दहा मिनिटं’ म्हणणार नाही, अशी आशा आहे.

‘ळ’ आणि मी

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी आई-पप्पांशी मराठी, आजीशी मोडकीतोडकी अहिराणी आणि वहीत इंग्लिश, अशी आमची तीन खात्यांची विभागणी. मराठी वाचता यायचं, पण त्या अक्षरांकडे कधी निरखून बघितलं नव्हतं. हॉस्टेलला आले तेव्हा खोलीत यावल तालुक्यातली एक मैत्रीण मिळाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. तिचं मराठी हस्ताक्षर म्हणजे सुंदर मांडलेली रांगोळी! ती डायरीत कविता लिहायची, काही मराठीत, काही घरच्या बोलीत. अंकाच्या समितीत मात्र मला घेतलं, कारण मला सॉफ्टवेअर येत होतं. आणि मराठी विभाग माझ्याकडे आला, कारण इंग्लिश विभागासाठी रांग होती आणि मराठीसाठी कुणीच हात वर केला नव्हता.

कामाला बसल्यावर एक गंमत लक्षात आली. जळगाव आणि धुळे, म्हणजे माझं कॉलेज आणि माझं गाव, दोन्ही नावांत ‘ळ’ आहे. आणि खानदेशात बोलताना आपण तो ‘ळ’ उच्चारतच नाही! माझी आजी ‘जयगाव’ म्हणते, ‘धुये’ म्हणते, केळीला ‘केयी’ म्हणते. हिंदीत पाटी लिहिली की ‘जलगांव’ होतं. इंग्लिशमध्ये तर ‘ल’ आणि ‘ळ’ दोघांना मिळून एकच अक्षर. म्हणजे आपल्या गावांच्या नावातलं हे अक्षर जिभेवर नाही, ते टिकून आहे फक्त कागदावर आणि पाटीवर. तिथंही ते नीट उमटलं नाही तर ते राहणार कुठे?

आता या ‘ळ’ची रचना बघा. दोन पोकळ्या शेजारीशेजारी. अक्षर लहान केलं आणि ठळक केलं की दोन्ही पोकळ्या शाईनं भरून जातात आणि ‘ळ’चा काळा ठिपका होतो. झेरॉक्स काढली की संपलंच! शिवाय हिंदीत हे अक्षर जवळपास लागत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या काही फॉन्टमध्ये ‘ळ’कडे कुणी लक्षच दिलेलं नसतं. म्हणून कुठलाही नवा फॉन्ट मिळाला की मी सगळ्यात आधी ‘जळगाव, धुळे’ टाइप करून बघते. या परीक्षेत जो पास, तो अंकात!

अक्षराचे तीन मजले

देवनागरी अक्षर म्हणजे तीन मजली इमारत आहे. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, शिरोरेषेला टांगलेलं. वरच्या मजल्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार. तळमजल्यावर उकार, ऋकार आणि हलन्ताची खूण. रोमन लिपीत ही गर्दी नसते. म्हणून इंग्लिश आणि मराठी दोन्हीचा आकार १२ पॉइंट ठेवला, तरी मराठी मजकूर बारीक दिसतो. त्याच १२ पॉइंटांच्या जागेत त्याला तीन मजले बसवायचे असतात ना! आणि दोन ओळींत अंतर कमी ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मराठी मजकुराला इंग्लिशपेक्षा जास्त मोकळं अंतर द्यावं लागतं, ते हौस म्हणून नाही.

अशाच आणखी तीन-चार गोष्टी. इंग्लिशमध्ये शीर्षक भारदस्त दिसावं म्हणून अक्षरं लांबलांब ठेवतात. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. इंग्लिशमध्ये कॅपिटल अक्षरं असतात, मराठीत नसतात, त्यामुळे जोर द्यायचा तर आकार, जाडी किंवा जागा वापरावी लागते. पारंपरिक लेखणीत, म्हणजे बोरूत, टोक तिरपं कापलेलं असतं. त्यामुळे अक्षराला जाड-बारीक वळण येतं, आणि रोमन लिपीत ते ज्या बाजूला झुकतं त्याच्या उलट बाजूला देवनागरीत झुकतं. इंग्लिश फॉन्टचा तुकडा कापून त्यातून मराठी अक्षर जुळवलं की ते ‘कुठेतरी चुकतंय’ असं का वाटतं, त्याचं एक कारण हे.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की काय हा किस काढतेय! पण दोन उदाहरणं घ्या. एसटीची पाटी. स्टँडवर गाडी वळत असताना, धुळीत, गर्दीत, पिशव्या सांभाळत ती वाचायची असते. तिथं नक्षी चालत नाही. दुसरं उदाहरण भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’चं. हे कॅलेंडर १९७३ साली निघालं. तारखेचा आकडा स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो, आणि तिथी, नक्षत्र बघायचं असेल तर माणूस जवळ जातो. एकाच चौकोनात दोन अंतरांवरून वाचायची दोन माहिती! कुणी किती लांबून, किती घाईत आणि कुठल्या उजेडात वाचणार, याचा विचार म्हणजे डिझाइन. मला हे समजायला एक वर्ष लागलं, आणि समजल्यावर रंग आणि सावल्या आपोआप मागे पडल्या.

खिळ्यांपासून कोडपर्यंत

आता थोडा इतिहास. घाबरू नका, परीक्षेला नाही!

गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाछापावर १८३१ साली पहिलं मराठी पंचांग छापलं. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं. १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या टाइपांची घडण राणोजी आरू यांची. त्या वळणाची सवय मराठी डोळ्यांना इतकी झाली की पुढे कित्येक दशकं छापील मराठी म्हटलं की तेच वळण डोळ्यासमोर यायचं.

त्या काळी एकेक अक्षर म्हणजे शिशाचा एकेक खिळा. जुळारी ते खिळे उचलून ओळ जुळवायचा. रोमनचं काम थोड्या खिळ्यांत भागायचं, पण देवनागरीत जोडाक्षरं, वेलांट्या, रफार धरून कित्येक शे खिळे लागत. जुळाऱ्याला ते सगळे कप्पे डोळे मिटून माहीत असायचे. आपण पाठ करतो त्या कुठल्याही डेटा स्ट्रक्चरपेक्षा हे अवघड!

मग कॉम्प्युटर आला, आणि इथून ही गोष्ट आपल्या सिलॅबसच्या जवळ येते. सुरुवातीच्या डीटीपी फॉन्टमध्ये एका फॉन्टला जेमतेम २५६ घरं मिळत. देवनागरीचे सगळे तुकडे त्या घरांत बसवायचे म्हणजे कसरतच. प्रत्येक कंपनीनं ती आपापल्या पद्धतीनं बसवली. कॉम्प्युटरच्या लेखी ती रोमन अक्षरंच होती, फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला. एका फॉन्टमध्ये ज्या घरात ‘क’, दुसऱ्यात त्याच घरात वेलांटी! फॉन्ट बदलला किंवा मशीनवर नसला, की पडद्यावर डोक्यावर टिंबं असलेली परदेशी अक्षरं आणि चौकोन. डीटीपीवाले याला ‘फॉन्ट फुटला’ म्हणतात.

याच्या उलट विचार म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा सलग पट्टा आहे आणि प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. आपल्या ‘ळ’चा क्रमांक ०९३३. आकार कसा दिसेल ते फॉन्ट ठरवतो, पण अक्षर कुठलं ते क्रमांकच सांगतो. ‘काय लिहिलं’ आणि ‘कसं दिसतं’ यांची फारकत झाली, आणि इतकी वर्षं जे अडलं होतं ते सुटलं.

कॉम्प्युटरच्या मुलांसाठी एक कोडं. ‘स्त्री’ हे अक्षर आपल्याला एक दिसतं, पण मेमरीत ते सहा क्रमांकांचं आहे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. ‘कि’ लिहिताना ह्रस्व वेलांटी डावीकडे दिसते, पण साठवताना ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण साठवताना ‘र’ आधी येतो. म्हणजे आपण बोलतो त्या क्रमानं साठवायचं आणि डोळ्यांना सवय आहे त्या क्रमानं दाखवायचं. मधलं सगळं काम फॉन्टमधले नियम आणि सॉफ्टवेअर करतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतला फरक आठवा. पहिल्यांत पूज्य गुरुजी आहेत, दुसऱ्यांत स्वयंपाकी! तो फरक फक्त ‘र’च्या रूपात आहे, आणि मराठी न जाणणाऱ्या फॉन्टला तो दाखवता येत नाही. मराठी आणि हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ वेगळे असतात, त्यामुळे चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं ठेवलेली असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ आहे असं सांगितलं की आपली रूपं येतात. किती जण ते सांगतात, हा प्रश्न वेगळा.

हे वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं की मी दोन वेगळे विषय शिकत नाहीये. कंपायलरच्या तासाला जे शिकवतात आणि मी रात्री अंकाची पानं लावताना जे करते, ते एकाच कामाचे दोन भाग आहेत.

र. कृ. जोशींची वाट

या सगळ्या वाचनात एक माणूस मला वारंवार भेटला. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे र. कृ. जोशी. जन्म १९३६. जे. जे. मध्ये कलेचं शिक्षण, मग जाहिरात क्षेत्रात नोकरी. १९६१ पासून वीस वर्षांहून जास्त काळ ते ‘उल्का’ या जाहिरात संस्थेत होते. कविता लिहायचे, आणि कवितेतली अक्षरं पानावर कशी नाचतील, थबकतील, कोसळतील याचे प्रयोग करायचे. १९८३ मध्ये ते आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायला गेले. निवृत्तीनंतर माणूस आराम करतो, हे तिथून कॉम्प्युटरच्या अक्षरांकडे वळले आणि एनसीएसटी या संस्थेत (ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली) भारतीय भाषांच्या फॉन्टवर काम करू लागले.

विंडोज २००० मध्ये मराठी-हिंदीसाठी जो ‘मंगल’ फॉन्ट आला, तो त्यांचा. तेव्हा त्यांचं वय साठीच्या पुढे होतं. आज आपण ‘मंगल’ला नावं ठेवतो, “कसला सरकारी दिसतो” म्हणतो. पण तो तयार झाला तेव्हाचे पडदे आठवा. मोजके ठिपके, त्यात तीन मजले आणि सगळी जोडाक्षरं बसवायची, आणि तीही जाड काचेच्या मॉनिटरवर वाचता आली पाहिजेत. या अटी माहीत झाल्यावर तोच फॉन्ट मला एखाद्या पुलासारखा दिसायला लागला. पुलावरून जाताना कुणी त्याचं कौतुक करत नाही, पण पलीकडे सगळे पोचतात. र. कृ. २००८ साली गेले.

त्यांच्या वाटचालीतून मी एक घेतलं. ब्रश, बोरू, जाहिरात, वर्ग, कॉम्प्युटर, अशी हत्यारं आयुष्यभर बदलत गेली, पण प्रश्न एकच राहिला: हे अक्षर वाचणाऱ्यापर्यंत कसं पोचेल? आपल्याकडे प्रगती म्हणजे एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर उडी, आणि बायोडाटात त्यांची यादी. सॉफ्टवेअर तर दर दोन वर्षांनी बदलतं. हातात धरून ठेवण्यासारखा प्रश्न आपल्याकडे आहे का, हे मी आता स्वतःला विचारते.

आपल्या खानदेशात

‘हे सगळं मुंबई-पुण्याचं’ असं म्हणू नका. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं निधन १९२६ च्या शेवटी धुळ्यातच झालं, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. एवढी वर्षं मी समोरून गेले, आत गेले ती या अंकाच्या निमित्तानं. मोडी लिपीत आधी पानभर रेघ ओढतात आणि लेखणी फारशी न उचलता अक्षरं तिला टांगत जातात. म्हणून मोडीचं पान वाहत्या पाण्यासारखं दिसतं. हिशोब, पत्रं, करार, सगळं त्यात. आज आपल्यापैकी किती जणांना पणजोबांचा जमिनीचा कागद वाचता येईल? मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे, तिथं रामदासी परंपरेची हस्तलिखितं जपून ठेवली आहेत.

आणि आपल्या विद्यापीठाला २०१८ पासून जिचं नाव आहे, ती बहिणाबाई? तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिची गाणी इतरांनी उतरवून घेतली, १९५१ साली ती गेली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. छापखान्यावरही तिची कविता आहे! अक्षर न ओळखणाऱ्या बाईनं छापखान्याकडे इतक्या कौतुकानं बघावं, आणि आपण रोज हजारो अक्षरं टाइप करूनही त्यांच्याकडे बघू नये, हे मनाला लागलं.

माझ्या यावलच्या मैत्रिणीची बोलीतली कविता आम्ही गेल्या वर्षी अंकात घेतली. प्रूफ वाचताना कुणीतरी ‘केयी’चं ‘केळी’ करून ठेवलं होतं, शुद्ध मराठी म्हणून. आम्ही दोघींनी बसून ते पुन्हा ‘केयी’ केलं. तिच्या कवितेतला ‘य’ आणि पानाच्या डोक्यावरच्या ‘जळगाव’मधला ‘ळ’, दोन्ही जसेच्या तसे छापले गेले. छापून आल्यावर तिच्या आईला तिनं फोनवर वाचून दाखवलं. अंकाचं पान लावणारी म्हणून माझं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात होतं, पण त्या दिवशी मला जे वाटलं ते कुठल्याही बक्षिसात वाटलं नव्हतं.

मेसमधली पाटी

या वर्षी रेक्टर मॅडमनी एक छोटं काम दिलं. मेसच्या स्वयंपाकघरात गॅसबद्दलची सूचना लावलेली होती, आठ ओळी, इंग्लिशमध्ये, सगळी कॅपिटल. ती वाचणार कोण? तिथं काम करणाऱ्या मावशी आणि काका. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, अक्षर अक्षर जुळवून वाचतात. मी तीन नमुने केले आणि प्रत्येक नमुना शेगडीपासून पाच-सहा पावलांवर धरून त्यांना वाचायला दिला.

सरकारी भाषेतलं वाक्य होतं, ‘विद्युत उपकरणे चालू करू नयेत’. त्यातला ‘द्यु’ लांबून गाठोड्यासारखा दिसतो, आणि मावशी तिथंच थांबायच्या. शेवटी त्यांनीच सांगितलं, “बाई, बटण म्हण ना!” मग पाटी अशी झाली: वास आला? बटण दाबू नका. सिलिंडर बंद करा. खिडकी उघडा. नीट बघा, या चार ओळींत एकही जोडाक्षर नाही. पांढऱ्यावर काळी अक्षरं, ओळींत भरपूर अंतर, नक्षी शून्य. माझ्या पोर्टफोलिओतलं हे सगळ्यात साधं पान आहे आणि इंटरव्ह्यूत मी सगळ्यात आधी हेच दाखवणार आहे. गॅस गळतो तेव्हा वाचायला आठ ओळींचा वेळ कुणाकडे असतो?

प्रोफेशनल होणं म्हणजे काय, याचं माझं उत्तर या पाटीनं दिलं. छपाईचे नियम तर शिकलेच. फोटो ३०० डीपीआयचा हवा. पडद्यावरचा झगझगीत निळा शाईत तसा येत नाही. कडेला ३ मिलिमीटर रंग जास्त सोडावा लागतो, नाहीतर कटिंगला पांढरी रेघ दिसते. पिन मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीतच बसतात. पण हे सगळं येऊनही, वाचणाऱ्यासमोर नमुना धरून गप्प उभं राहता आलं पाहिजे. पहिल्या वर्षी कुणी माझ्या पोस्टरला नाव ठेवलं की मला राग यायचा. आता विचारावंसं वाटतं, “कुठं अडलात?” या एका प्रश्नानं मी बरीच बदलले. प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये, घरी, आजीशी बोलताना सुद्धा.

पुढे काय?

हा प्रश्न मला सगळेच विचारतात. पप्पांचं म्हणणं सरळ आहे: “कॅम्पस इंटरव्ह्यू दे, नोकरी घे, चित्रं सुट्टीच्या दिवशी काढ.” त्यांची काळजी मला कळते, फीचा आकडा मलाही माहीत आहे. म्हणून माहिती काढली. ती इतरांनाही उपयोगी पडेल. डिझाइनमध्ये मास्टर्स करायचं तर आयआयटी मुंबई ‘सीड’ ही प्रवेश परीक्षा घेते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलंही ती देऊ शकतात. चित्रकला अफाट हवी असं नाही. निरीक्षण, विचार आणि तो कागदावर मांडणं बघतात. आयआयटीचा आयडीसी विभाग १९६९ चा, अहमदाबादची एनआयडी त्याहून जुनी, १९६१ ची. तिची प्रवेश परीक्षा वेगळी असते.

आणि दुसऱ्या शाखेतून येणं ही काही नवलाई नाही. २०१० साली भारत सरकारनं जे रुपयाचं चिन्ह स्वीकारलं, ते डी. उदय कुमार यांनी केलं. त्यांची पहिली पदवी आर्किटेक्चरची. त्या चिन्हात देवनागरी ‘र’ आहे, वरची रेघ शिरोरेषेची आठवण देते, आणि ते चिन्ह रोमन ‘आर’सारखंही वाचता येतं. दोन लिपी एका आकारात! इंजिनिअर म्हणून विचार केला तर त्यात एकही रेघ जास्तीची नाही.

मी पप्पांशी करार केलाय. कॅम्पस इंटरव्ह्यूही देणार आणि शेवटच्या वर्षी ‘सीड’ही देणार. दोन्हीकडे जमलं तर निर्णय माझा. निकाल काय लागेल ते लागेल, पण कुठल्या कामासाठी रात्री जागायला मला कंटाळा येत नाही, हे मला विसाव्या वर्षी कळलंय. इतकं तरी या दोन वर्षांनी पक्कं केलं.

तुमच्यासाठी एक काम

लेख संपवण्याआधी एक मागणं. आपल्या अंकाच्या जुन्या सीडी लायब्ररीत आहेत. त्यातले मराठी विभाग त्या काळच्या वेगवेगळ्या फॉन्टमध्ये आहेत. ज्या छापखान्यात ते केले तो आता बंद झालाय, आणि फाइल उघडली की फक्त फुटलेला फॉन्ट. आपल्याआधी याच खोल्यांत राहिलेल्या मुलामुलींच्या कविता, एनएसएसच्या शिबिरांचे वृत्तान्त, एका शिपाईकाकांची मुलाखत, सगळं त्या चौकोनांमागे आहे. काही अंकांच्या छापील प्रतीही एकेकच उरल्यात.

आम्ही चौघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून हे युनिकोडमध्ये आणायला घेतलंय. प्रत्येक फॉन्टसाठी कुठल्या घरात कुठलं अक्षर याचा तक्ता करायचा, मग वेलांटी आणि रफार योग्य जागी हलवायचे. बरंचसं काम प्रोग्राम करतो, पण शेवटी माणसानं वाचावंच लागतं. प्रोग्रामला ‘आचार्य’ आणि ‘आचारी’ कळत नाहीत! ज्या पानांचा तक्ता जमत नाही ती हातानं टाइप करावी लागतील.

दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही लायब्ररीत बसतो. प्रत्येकानं एकच पान घ्यायचं. स्टाफपैकी ज्यांच्याकडे जुने अंक असतील, त्यांनी ते दोन दिवसांसाठी द्यावेत, स्कॅन करून जसेच्या तसे परत करू. मराठी टायपिंग येत नसेल तरी या, अर्ध्या तासात शिकवते. सुरुवातीला टाइप करायचे दोन शब्दही ठरलेले आहेत: जळगाव, धुळे.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी